‘येवा, कोकण आपलाच असा’: पण खोली बुक करताना नाव सांगायचं की नाही?

डिसेंबर लागला की कोल्हापुरात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि मोबाईलवर तारकर्लीचे रील, दोन्ही एकदमच सुरू होतात. मिशनच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची सुट्टी असते, पोरं मागं लागतात आणि फॅमिली ग्रुपवर चर्चा पेटते. दोन कार काढायच्या की टेम्पो ट्रॅव्हलर सांगायची? फोंडा घाटानं उतरायचं की गगनबावड्यानं? हे सगळं अर्ध्या तासात ठरतं. मग खरा प्रश्न येतो. राहायचं कुठं?

बाकीच्यांसाठी हा प्रश्न भाडं, समुद्र किती लांब आणि जेवण कसं, एवढ्यावर संपतो. आपल्याकडं त्यात अजून एक कलम वाढलंय. आम्ही ते उघडपणे मांडतोय, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत ते जवळपास प्रत्येक घरात बोललं जातं, फक्त लिहिलं जात नाही.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात मालवणच्या बाजूला एका होमस्टेला फोन लावला. “दादा, सव्वीस ते अठ्ठावीस दोन रूम पाहिजेत. घरचीच माणसं, आठ जण.” पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर, “हो हो, आहेत की. समोरच समुद्र. सकाळी घावणे देतो. नाव काय लिहू?” नाव सांगितलं. जरा शांतता. “एक मिनिट हां, रजिस्टर बघून सांगतो.” दहा मिनिटांनी मेसेज आला, ‘सॉरी, फुल्ल आहे.’ संध्याकाळी भाच्याच्या ऑफिसातल्या मित्रानं, आडनाव पाटील, त्याच नंबरवर त्याच तारखा विचारल्या. दोन्ही खोल्या मिळाल्या. ॲडव्हान्स कुठल्या नंबरवर पाठवायचा तेही लगेच आलं.

आम्ही ती खोली घेतली नाही. पण मालकानं जाणूनबुजून नाकारलं असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही. मधल्या वेळात कुणाचं बुकिंग रद्द झालं असेल. गेल्या वर्षी आठ जण सांगून चौदा जण उतरलेले असतील आणि तो माणूस धसका घेऊन बसला असेल. खरा त्रास इथंच आहे. तोंडावर कुणी काही म्हणत नाही. नकार येतो तो ‘फुल्ल’ या एका शब्दात, आणि आपण घरी बसून त्याचा अर्थ लावत राहतो. घरातली पोरं हे ऐकत असतात.

हा संशय आला कुठून?

तो आकाशातून पडलेला नाही. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानं फुटली, इंटरनेट बंद करावं लागलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. गडावरच्या अतिक्रमणाचा वाद एकीकडं आणि मार खाल्ला भलत्यांनीच. विशाळगडचा मुद्दा इथं मुद्दाम घेतोय. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी कुटुंबांची ‘सुट्टी’ म्हणजे वर्षानुवर्षं विशाळगडाच्या दर्ग्याला जाणं, नवस फेडणं आणि रात्री मुक्काम करणं हीच होती. महाग हॉटेल परवडत नसलेल्या माणसाची ती ट्रिप होती. त्या ट्रिपेतली बेफिकिरी गजापूरनंतर संपली.

पुढं फेब्रुवारी २०२५. भारत-पाकिस्तान सामना सुरू असताना मालवणमध्ये घोषणा दिल्याच्या आरोपावरून एका भंगारवाल्या कुटुंबावर गुन्हा दाखल झाला आणि दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेनं त्यांचं दुकान पाडलं. त्याआधी तीनच महिने, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं पाडकाम करता येणार नाही. अवमानाच्या याचिकेवर कोर्टानं मार्चमध्ये नोटीस काढली. पण आपल्या माणसांच्या डोक्यात राहिलं ते एकच, मालवण आणि बुलडोझर. मार्चमध्ये सिंधुदुर्गचे पालकमंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आणलं. एप्रिलच्या २२ तारखेला पहलगाममध्ये २६ निरपराध माणसं मारली गेली, त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला मुसलमान घोडेवालाही त्या २६ जणांत होता. पण नंतरच्या गदारोळात ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि दाढी-टोपीकडं बघण्याची नजर मात्र आणखी बदलली.

अशा वातावरणात एक आई आपल्या लेकीला, सुनेला घेऊन अनोळखी गावात अनोळखी माणसाच्या घरी दोन रात्री राहायला जाणार. ती विचारणारच, “तिथं काय होणार नाही ना?” या प्रश्नाला ‘उगाच घाबरता’ म्हणून उडवून लावणं आम्हाला जमत नाही. त्याचवेळी, संबंध कोकणाला एकाच मापानं मोजणंही आम्हाला पटत नाही. देवबागला तीन वर्षांपूर्वी आम्ही ज्या घरी उतरलो होतो, त्या काकींनी न सांगता माडीवरची खोली झाडून ठेवली होती. “तुमका नमाज करूक बरा पडात,” एवढंच म्हणाल्या. पोरांना अजून त्यांच्या हातची सोलकढी आठवते.

तीन पळवाटा

आमच्या ओळखीतली घरं सध्या तीनपैकी एक मार्ग धरतात.

पहिला म्हणजे नाव लपवणं. मित्राच्या नावावर बुकिंग करायचं, फोनवर ‘समीर’, ‘आयान’ असं दोन्हीकडं चालणारं नाव सांगायचं. आम्हाला हे समजतं, पण पटत नाही. एकतर हॉटेल असो की होमस्टे, दारात प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड मागतातच. रात्री आठ वाजता, बायकापोरं गाडीत बसलेली असताना ‘तुम्ही नाव वेगळं सांगितलं होतं’ असं ऐकायची वेळ आली, तर तेव्हा चूक आपलीही ठरते. आणि बाप आपलं नाव दबक्या आवाजात सांगतोय हे दहा वर्षांच्या पोरानं बघितलं, तर ती आठवण समुद्रापेक्षा जास्त दिवस टिकते.

दुसरा मार्ग, कुठं जायचंच नाही. पाहुण्यांच्या घरी चार दिवस आणि रंकाळ्यावर भेळ.

तिसरा मार्ग ज्यांच्या खिशाला परवडतो त्यांचा. थेट परदेश, आणि तोही ‘आपल्या’ लोकांचा देश. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. तिथं हॉटेलच्या खोलीत छतावर किब्ल्याचा बाण असतो, खाण्याची चिंता नाही. मालदीवला भारतीयांना विमानतळावरच व्हिसा मिळतो. मालदीवचं एक गणित मात्र आपल्या लोकांना नीट माहीत नसतं. फोटोत दिसणारे पाण्यावरचे बंगले म्हणजे एका बेटावर एकच रिसॉर्ट. तिथं दारूही असते आणि भाडंही डोळे पांढरे करणारं. पण साधारण पंधरा वर्षांपूर्वी तिथल्या सरकारनं वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस चालवायला परवानगी दिली. माफुशीसारख्या अशा बेटांवर मशीद आहे, दारूबंदी आहे आणि भाडंही बरंच कमी. ग्रीन टॅक्ससुद्धा २०२५ पासून रिसॉर्टला माणशी दिवसाला १२ डॉलर, तर अशा छोट्या गेस्ट हाऊसला ६ डॉलर. म्हणजे ज्याला जायचंच आहे त्यानं रिसॉर्टच्या जाहिरातीला न भुलता गावातलं घर बघावं.

पण मालदीवचं राजकारणही आपल्याच अंगावर येतं. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाह्यात टीका केली, आणि इथं बहिष्काराची लाट आली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान स्वतः मालदीवला जाऊन आले आणि दोन्ही सरकारांचं पुन्हा जमलं. मधल्या दीड वर्षात मालदीवला गेलेल्या आपल्या एखाद्या माणसानं फोटो टाकला की खाली काय कॉमेंट यायच्या ते आठवून बघा. तोच फोटो शेजारच्या कुलकर्ण्यांनी टाकला असता तर ‘वा, कधी गेलात’ एवढंच आलं असतं.

आणि ज्या लक्षद्वीपचा एवढा गवगवा झाला, तिथली ९५ टक्क्यांहून जास्त वस्ती मुसलमानांची आहे. आपल्याच देशातलं ठिकाण, दारूबंदी (बंगारामचं बेट सोडून), निळंशार पाणी. तरी कोल्हापुरातून फार कमी लोक जातात, कारण तिथं जायला परमिट लागतं, बोट कोचीहून सुटते आणि खोल्या मोजक्याच. तीन-चार महिने आधी ठरवणाऱ्यानंच तिकडं बघावं. ‘उद्या निघूया’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींचं ते काम नाही.

परदेशी जाणाऱ्यांना आमचा विरोध नाही. पण हा मार्ग शंभरातल्या पाच घरांचा. बाकी पंच्याण्णव घरांना समुद्र बघायचा तर तो घाटाखालीच आहे, दीडशे किलोमीटरवर.

शाहू महाराजांच्या गावात हा प्रश्न जुनाच

प्रवासात किंवा शिक्षणासाठी आलेल्या माणसानं राहायचं कुठं, हा प्रश्न कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायला जागा मिळाली तरी राहायला खोली मिळत नसे, म्हणून राजर्षी शाहूंनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली. १९०६ सालचं मुस्लिम बोर्डिंग त्यातलंच. दसरा चौकातून जाताना ते रोज दिसतं, म्हणून त्याचं आपल्याला काही वाटत नाही. पण महाराज वसतिगृहांवर थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढून संस्थानातल्या विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती अस्पृश्यांना मोकळ्या केल्या. गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत. राजाच चहा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना नाक मुरडायला जागा उरली नाही.

हाच विचार पुढं घटनेत आला. कलम १५(२) स्पष्ट सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांत प्रवेश नाकारता येणार नाही. बंधन फक्त सरकारवर नाही, गल्लीतल्या हॉटेलवाल्यावरही आहे. अडचण अशी की ‘फुल्ल आहे’ म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्यात गेलात तर लावायला सोपं, सरळ कलम नाही. हक्क घटनेत आहे, पण तो बजावायचा दरवाजा अरुंद आहे.

हे फक्त आपल्याच देशात चालतं असंही नाही. अमेरिकेत काळ्या लोकांना हॉटेलं खोली देत नसत, म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ पासून एक पुस्तिका छापायला सुरुवात केली. कुठल्या गावात कुठलं घर, कुठलं हॉटेल आपल्याला उतरू देतं त्याची यादी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज संपत गेली आणि ती बंद झाली. पण नावावरून ओळखण्याची खोड गेली नाही. एअरबीएनबीवर सारखेच दिसणारे अर्ज पाठवून हार्वर्डच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा काळ्या लोकांची वाटणारी नावं असलेल्या पाहुण्यांना होकार मिळण्याचं प्रमाण गोऱ्या नावांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघालं. तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. कंपनीनं पुढच्या वर्षी पाहुण्याचा फोटो बुकिंग पक्कं होईपर्यंत मालकाला दाखवणं बंद केलं. आपल्याकडं सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांबाबत असाच प्रयोग केला होता. तिथं दलित आणि मुस्लिम नावांना नकार मिळण्याचं प्रमाण सवर्णांपेक्षा ठळकपणे जास्त होतं.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारी ‘इथं चालतं, इथं चालत नाही’ ही यादी म्हणजे त्या पोस्टमनच्या पुस्तिकेचीच धाकटी बहीण. ती आम्हीही वापरतो. वापरताना बरं वाटत नाही, पण वापरतो.

मग खोली निवडायची कशी?

पहिली गोष्ट, फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगा. “नमस्कार, मी कोल्हापुरातून अमुक शेख बोलतोय.” नाव शेवटी विचारलं गेलं की दोन्हीकडं अवघडल्यासारखं होतं. पहिल्यांदाच सांगितलं की ज्याला द्यायची नाही तो तिथंच ‘फुल्ल’ म्हणेल आणि तुमची दहा मिनिटं वाचतील. ज्याला द्यायची आहे तो मोकळेपणानं बोलेल. आमचा अनुभव असा की दहा फोनांत सात-आठ जण अगदी सहज बोलतात. अडतं ते दोघा-तिघांकडं, पण लक्षात तेच राहतात.

ज्यांना फोनवरचं हे नाटकच नको, त्यांनी एमटीडीसीचं निवास बघावं. तारकर्ली, गणपतीपुळे दोन्हीकडं आहेत. सरकारी महामंडळ, ऑनलाइन बुकिंग, पैसे भरले की खोली तुमची. सोयी कुठं बऱ्या, कुठं जुनाट. पण नाव बघून रजिस्टर उघडायची भानगड नाही. ॲपवरून घेणार असाल तर ‘लगेच बुक’ होणारीच जागा घ्या. मालकाच्या होकाराची वाट बघायची जागा टाळा. पैसे भरून पक्कं झालेलं बुकिंग कुणी कारण न देता रद्द केलं, तर ती सेवेतली त्रुटी होते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करायची सोय दिली आहे, म्हणजे कोल्हापूरच्या ग्राहक आयोगातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. त्यासाठी मेसेज, पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट सांभाळून ठेवा. तोंडी बुकिंगवर काही करता येत नाही.

जागेचं म्हणाल तर सगळ्यांनी तारकर्लीलाच गर्दी करायची गरज नाही. आंबा घाट उतरलं की रत्नागिरी. त्या जिल्ह्यात आपली वस्ती जुनी आणि चांगली मोठी आहे. मशीद, मदरसा, हलाल मटणाचं दुकान शोधत फिरावं लागत नाही. भाट्ये, आरे-वारे, पुढं गणपतीपुळे, सगळं एका दिवसाच्या टप्प्यात. दोन रात्री राहायचं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर आमचं मत रत्नागिरीलाच. स्कुबा आणि सिंधुदुर्ग किल्ला पाहिजे असेल तर मालवणला पर्याय नाही. गोव्याला जाणार असाल तर ३१ डिसेंबरच्या आसपास उत्तरेकडचे किनारे कुटुंब घेऊन जायच्या लायकीचे नसतात हे कुठल्याही धर्माचा माणूस सांगेल. मडगावच्या बाजूला उतरा, आणि जाता-येता फोंड्याची साफा मशीद पोरांना दाखवा. १५६० ची आहे, अली आदिलशहाच्या काळातली.

खाण्याचा प्रश्न आपण नको तेवढा मोठा करून ठेवलाय. समुद्राच्या माशाला जबह लागत नाही. सुरमई, पापलेट, बांगडा कुणाच्याही घरी खुशाल खावा. वाद होतो तो कोळंबी आणि कुर्ल्यांवरून, आणि तोही आपल्याच घरात, कारण आपण हनफी आणि कोकणातली सून शाफई. चिकन-मटणाचं स्वच्छ विचारावं, “कुठून आणता?” उत्तर समाधानाचं नसेल तर दोन दिवस मासे. गोव्यात मात्र एकाच तव्यावर काय काय होतं ते विचारूनच बसावं. नमाजसाठी कोकणात होकायंत्र शोधायची गरज नाही. समुद्राकडं तोंड केलं की जरा उजव्या अंगाला किब्ला. मुसाफिराला कसरची सवलत आहे, जुमाही फर्ज राहत नाही. तेव्हा ‘मशीद जवळ नाही’ एवढ्यासाठी चांगली जागा सोडू नये.

वॉटर स्पोर्ट्सबद्दल एकच. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाईफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका, मग बोटवाला कितीही ओळखीचा असो.

आणि आता आपल्याबद्दल. आठ जण सांगून चौदा जण जाणं, सिलिंडर-शेगडी घेऊन खोलीत बिर्याणी लावणं, रात्री एकपर्यंत अंगणात दंगा, हाडं माडाच्या बुंध्यात. हे आपण करतो. सगळेच करतात, मान्य. पण ज्याच्याकडं आधीच संशयानं बघितलं जातं, त्याच्या एका चुकीचा हिशेब सगळ्या समाजाच्या खात्यावर लिहिला जातो. हा अन्याय आहे, तरीही अंगण झाडून निघायला आपलं काही जात नाही. दराची घासाघीसही बेतानं. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ते बिलात उतरलंय का एवढं जरूर बघा. बाकी छोट्या होमस्टेवाल्याचा वर्षाचा धंदा चार महिन्यांचा असतो.

बंद पडलेली घरं

दापोली, गुहागर, रत्नागिरी भागात फिरताना एक दृश्य नेहमी दिसतं. गावात आपल्या लोकांची मोठमोठी घरं. पुढं पडवी, मागं माड-पोफळी, चालत गेलं की समुद्र. आणि दाराला कुलूप. माणसं मुंबईला, कुवेतला, कतारला. वर्षातून एकदा ईदला किंवा लग्नाला उघडतात. शेजारच्या घरी होमस्टे सुरू होऊन पोरीच्या शिक्षणाचा खर्च निघतो आणि आपल्या घराला वाळवी लागते. एक न्हाणीघर नीट करणं, दोन स्वच्छ खोल्या, घरातल्या बाईच्या हातचं जेवण आणि पर्यटन खात्याकडं रीतसर नोंदणी. एवढ्यावर धंदा उभा राहतो. बाहेर जाऊन नोकरी करायला ज्या घरात बाईला परवानगी मिळत नाही, त्या घरातही हे काम होऊ शकतं. समाजाच्या बैठकांत शिक्षण आणि रोजगारावर भाषणं होतात, तिथं कधीतरी या कुलूपबंद घरांचा विषय निघाला पाहिजे.

फक्त एक धोका आम्हाला दिसतो. अशा काही जागांच्या जाहिरातीत आताच ‘ओन्ली मुस्लिम फॅमिली’ असं लिहून येतं. हलाल जेवण, नमाजची सोय, दारूबंदी असं जरूर लिहा, तो घराचा नियम झाला. दारू पिणाऱ्याला नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. पण पाहुण्याचा धर्म विचारून नाही म्हणालात, तर आमच्या फोनवर आलेल्या त्या ‘फुल्ल’मध्ये आणि तुमच्या बोर्डात फरक काय राहिला? मग १५(२) चं नाव घ्यायचा हक्कही आपण गमावतो.

आमचं बुकिंग शेवटी रत्नागिरीजवळ एका सुर्वे आडनावाच्या घरी झालं. पहिल्या वाक्यात नाव सांगितलं. पलीकडून मावशी म्हणाल्या, “जेवणाला काय काय चालत नाही ते आधी सांगून ठेवा, मग तिथं येऊन तोंड वाकडं करू नका.” आठ जणच जाणार आहोत. अम्मी नववी यायचं म्हणतायत, त्यांना सांगितलंय, मावशींना आधी फोन करून विचारतो.